खिशातले कान

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. चितेगावात आमच्या मागच्या गल्लीत राहणारी एक बाई ओट्यावर येऊन बसली. इथल्याच एका कंपनीत ती पॅकिंगच्या कामाला जाते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने पिशवीतून मोबाईल काढला आणि आवाज खाली आणून विचारले, "सर, माझ्या फोनात कुणी बसलंय का? मी आईशी काय बोलले ते घरात आधीच ठाऊक असतं."

मी शाळेत विज्ञान शिकवले आहे, मोबाईल दुरुस्तीचे काम मला येत नाही. तरी तिचा प्रश्न मला नवा नव्हता. 'मी बोललो आणि लगेच त्याच वस्तूची जाहिरात आली', 'फोन गरम होतो, म्हणजे कुणी ऐकत असणार', 'पेगासस आपल्यासारख्यांच्या फोनात पण घालतात का?' असे प्रश्न आता चहाच्या टपरीवरही निघतात. या सगळ्यांच्या मागे भीती एकच असली तरी ज्यांची भीती वाटते ते कान वेगवेगळे आहेत. त्यांची ताकद वेगळी, हेतू वेगळा आणि त्यांच्यापासूनचा बचावही वेगळा. सगळ्यांची सरमिसळ केली की माणूस दूरच्या कानाला घाबरत बसतो आणि जवळचा कान मोकळा राहतो. त्या बाईच्या फोनात काय निघाले ते शेवटी सांगतो. त्याआधी हे कान एकेक करून पाहू.

चितेगाव हे छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरचे, पैठण तालुक्यातले गाव. व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना इथलाच. त्यामुळे टीव्ही हे यंत्र या भागातल्या अनेकांना आतून माहीत होते. जुना टीव्ही बिचारा एकतर्फी होता. तो दाखवायचा, त्याला दिसायचे काही नाही. आपण त्याच्यासमोर भांडलो, रडलो, पैसे मोजले, तरी त्यातला निवेदक ते कुणाला सांगू शकत नव्हता. पडद्याकडे पाहण्याची आपली सवय तिथे घडली, आणि तीच सवय घेऊन आपण मोबाईलच्या पडद्याकडे पाहू लागलो. पण मोबाईलला मायक्रोफोन आहे, पुढे-मागे कॅमेरे आहेत, आपण कुठे आहोत हे उपग्रहांच्या मदतीने काढण्याची सोय आहे, आणि हे सारे क्षणात दुसरीकडे पाठवण्याची तार नसलेली तार आहे. हेराच्या पेटीत जे जे लागते ते सगळे कारखान्यातूनच बसवून येते. ते कुणाच्या हुकमाने चालते, एवढाच प्रश्न उरतो.

तारेवरचा कान

सर्वांत जुना कान सरकारचा, आणि तो फोनच्या आत नसतो. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ग्राहकाच्या तारेला दुसरी तार जोडली की बोलणे ऐकू येई. 'टॅपिंग' हा शब्द तिथला. आज तार गेली, पण तत्त्व तेच राहिले. कायदेशीर आदेश आला की मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतून कॉल आणि एसएमएसची प्रत तपास यंत्रणेकडे वळवता येते. हे सारे कंपनीच्या बाजूला घडत असल्यामुळे हातातल्या फोनवर त्याची काहीही खूण उमटत नाही. बोलताना खरखर येणे, फोन तापणे, बॅटरी लवकर उतरणे यांवरून सरकारी टॅपिंग ओळखता येत नाही, आणि ते पकडून देण्याचा दावा करणारे ॲप बसवले तर आपणच नवा कान बसवण्याची शक्यता जास्त.

या कानाला लगाम घालण्याचे काम फक्त कायदा करू शकतो. तो इतिहास लांबचा आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या कलम ५(२) ने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला, पण तो कसा वापरायचा याचे नियम शंभर वर्षांहून अधिक काळ झालेच नाहीत. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि पहिल्यांदा चौकट आखली. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा हवा, त्याची मुदत दोन महिने, वाढवून एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे गेला पाहिजे. २००७ मध्ये या गोष्टी तार नियमावलीच्या ४१९-अ या नियमात आल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा या चौकटीला पक्का पाया मिळाला.

त्या पायावर उभा राहिलेला एक महत्त्वाचा निकाल आपल्या मुंबईचा आहे. कर्जासाठी बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपात एका व्यावसायिकाचे फोन २००९-१० मध्ये तीन आदेशांखाली ऐकले गेले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आरोप खरा की खोटा हा तिथे मुद्दाच नव्हता. लाचेच्या एका प्रकरणात 'सार्वजनिक सुरक्षितता' धोक्यात आली असे म्हणता येत नाही, आणि कायद्याची अट पूर्ण होत नसेल तर ऐकण्याचा अधिकारही उरत नाही, असा त्याचा आशय.

तरीही चौकटीत एक भगदाड आहे. परवानगी देतात ते सचिव, आणि पुनर्विलोकन करणाऱ्या समितीतही सचिवच. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. तिथे न्यायाधीश नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. महाराष्ट्रात काही लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांखाली ऐकले गेल्याचा आरोप झाला, २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते दोन्ही रद्द केले. म्हणजे आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. पण आमदार-खासदारांनाही आपला फोन ऐकला गेला की नाही हे सहज कळू शकत नाही, एवढे त्या गदारोळातून सर्वांना दिसले. आता तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली असून संदेश अडवण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. सचिवांनी सचिवांना तपासण्याची रीत मात्र तशीच आहे.

आत शिरणारा कान

तारेवर ऐकणाऱ्यांची गेल्या काही वर्षांत एक अडचण झाली. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनातच उघडतो. वाटेत कुणी अडवला तरी हाती अर्थहीन अक्षरांचा ढीग लागतो. लखोटा वाटेत फोडता येत नसेल तर काय करायचे? लिहिणाऱ्याच्या पाठीशी जाऊन उभे राहायचे. स्पायवेअरचे सगळे तंत्र या एका वाक्यात आले. ते कुलूप तोडत नाही. कुलूप लागण्याआधीचे आणि उघडल्यानंतरचे वाचते. शिवाय मायक्रोफोन आणि कॅमेराही चालवू शकते.

इस्रायलच्या एनएसओ ग्रूपचे पेगासस हे त्यातले सर्वांत गाजलेले. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अहमद मन्सूर या मानवी हक्क कार्यकर्त्याला एक संदेश आला. तुरुंगातल्या छळाची गुपिते हवी असतील तर ही लिंक दाबा, असा. त्याने लिंक न दाबता तो संदेश टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला पाठवला, आणि त्यातून पेगासस उघडे पडले. आयफोनच्या प्रणालीतल्या तीन अज्ञात भोकांमधून ते आत शिरत होते. ॲपलने थोड्याच दिवसांत ती बुजवली. एका माणसाने एक बोट आवरले, त्याचा फायदा जगभरच्या आयफोनधारकांना झाला.

पुढे बोट आवरूनही भागेनासे झाले. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत व्हॉट्सॲपच्या कॉल सुविधेतल्या एका दोषाचा वापर करून सुमारे १,४०० फोनांवर हल्ला झाला. समोरच्याने कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. त्या ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपने संबंधितांना कळवले, तेव्हा भारतातली जी नावे पुढे आली त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि त्या वेळी गोव्यात अध्यापन करणारे लेखक-अभ्यासक आनंद तेलतुंबडे होते. राठोड भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींचे वकील. वकिलाचा फोन म्हणजे त्याच्या एकट्याचा फोन नसतो. त्यात अशिलाचे म्हणणे असते, साक्षीदाराचे नाव असते, उद्या न्यायालयात मांडायचा मुद्दा असतो. तिथे कान लागला तर ज्यांनी तो फोन कधी हातातही घेतला नाही त्यांचा न्याय धोक्यात येतो.

एनएसओचे म्हणणे असे, की आम्ही फक्त सरकारांना आणि त्यांच्या यंत्रणांना विकतो. आपल्या सरकारने ते घेतले की नाही हे सरकारने स्पष्ट सांगितलेले नाही. जुलै २०२१ मध्ये जगभरच्या पत्रकारांनी संभाव्य लक्ष्यांची यादी उजेडात आणल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली. 'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द नुसते उच्चारले म्हणून न्यायालय गप्प बसणार नाही, असेही बजावले. समितीने २९ फोन तपासले. पाचांत काही घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असा निष्कर्ष निघाला नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितले. अमेरिकेत मात्र व्हॉट्सॲपने लावलेल्या दाव्यात एनएसओ दोषी ठरली. मे २०२५ मध्ये ज्यूरीने सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर भरपाई ठरवली. पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम फार खाली आणली, पण व्हॉट्सॲपला पुन्हा लक्ष्य करण्यास मनाईही केली.

आपल्यासारख्यांच्या फोनात पेगासस घालतात का, या टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर इथे देता येते. हे हत्यार महाग आहे, आणि जितके जास्त वापरावे तितके उघडे पडण्याचा धोका वाढतो. म्हणून ते निवडक माणसांवर चालते. पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी, वाळूच्या किंवा जमिनीच्या व्यवहारांची माहिती काढणारे, आणि या सर्वांचे जवळचे. तुम्ही त्यांतले असाल तर आयफोनमध्ये २०२२ पासून 'लॉकडाउन मोड' आहे, अँड्रॉइडच्या सोळाव्या आवृत्तीपासून 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' आहे. काही सोयी त्यात बंद होतात, पण शिरण्याच्या वाटाही कमी होतात. बाकी सर्वांसाठी दोन साधी कामे. पहिले, अपडेट आला की टाळू नये. मन्सूरच्या फोनातली भोके अपडेटनेच बुजली. दुसरे, आठवड्यातून एकदा फोन पूर्ण बंद करून सुरू करावा. असे बरेच स्पायवेअर फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि फोन बंद झाला की त्याला पुन्हा शिरावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेही हा सल्ला दिला आहे. इथे एक कटू गोष्ट नोंदवावी लागते. स्वस्त किंवा जुन्या फोनांना सुरक्षेचे अपडेट काही वर्षांत मिळायचे बंद होतात. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी पॅच' पुढे दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख दिसत असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. खासगीपणाही शेवटी खिशावर अवलंबून राहतो तो असा.

निमंत्रण घेऊन येणारा कान

तिसरा कान चितेगावच्या, हिंगोलीच्या, कुठल्याही गावच्या माणसासाठी खरा. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. खाली पत्रिका म्हणून फाईल होती. ती उघडली आणि खात्यातून एक लाख नव्वद हजारांच्या आसपास रक्कम गेली. ती पत्रिका नव्हती. एपीके होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याची फाईल. अशीच फाईल कधी वाहतूक चलनाच्या नावाने येते, कधी पीएम किसानच्या हप्त्याच्या, कधी बँकेच्या केवायसीच्या.

हे ॲप बसताना परवानग्या मागते, आणि सगळी मेख तिथे आहे. एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी दिली की कुणाचा कोणता संदेश आला ते कळते. सर्वांत घातक परवानगी 'ॲक्सेसिबिलिटी' या नावाची. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी बटण दाबता यावे, यासाठी ही सोय केली. अंधाची काठी म्हणून दिलेली सोय चोराच्या हाती गेली की तो आपला पडदा वाचतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबतो. मग तेच निमंत्रण आपल्या व्हॉट्सॲपवरून आपल्या नातेवाइकांना जाते. म्हणून 'ओळखीच्या नंबरवरून आले' ही आता खात्री राहिलेली नाही. पेगाससला आत शिरायला प्रणालीतले भोक शोधावे लागते; याला आपण दार उघडून पाट मांडतो.

बचाव सोपा आहे. पत्रिका, चलन, पावती हे फोटो किंवा पीडीएफ असते. ते उघडताना फोनने काही 'इन्स्टॉल' करायला विचारले, की तिथेच थांबावे. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, 'अनोळखी स्रोतावरून ॲप बसवणे' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझरसाठी बंद ठेवावी, प्ले प्रोटेक्ट चालू ठेवावे. चुकून बसलेच तर पहिली गोष्ट म्हणजे फोन 'एअरप्लेन मोड'वर टाकून वाय-फायही बंद करणे, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवणे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो तोवर तो गोठवता येतो, म्हणून लाजेत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत, आणि तो फोन 'फॅक्टरी रीसेट' केल्याशिवाय वापरू नये.

कॉल वळवण्याची जुनी युक्तीही लक्षात ठेवावी. कुणी कुरिअरवाला बनून तारांकित क्रमांक दाबायला सांगतो आणि आपले कॉल त्याच्याकडे वळतात. यामुळेच १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय बंद करण्याचे आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिले. तरी कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' अधूनमधून पाहावे.

नसलेला कान

आता जाहिरातीबद्दल. 'आम्ही कुकरबद्दल नुसते बोललो आणि कुकरची जाहिरात आली.' अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,००० हून अधिक अँड्रॉइड ॲप तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. चोरून आवाज पाठवणारे एकही ॲप त्यांना सापडले नाही. काही ॲप पडद्याची चित्रे आणि चित्रफिती मात्र बाहेर पाठवत होते. जाहिरात कंपन्यांना आपला आवाज ऐकण्याची गरज सहसा पडत नाही. आपण कुठे गेलो, काय शोधले, कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलो, आपल्याच वाय-फायवरच्या वहिनींनी काल काय पाहिले, एवढ्यावरून त्यांचा अंदाज जमतो. जमत नाही ते शेकडो अंदाज आपण विसरतो आणि जमलेला एक लक्षात ठेवतो. म्हणून इथला उपाय ॲपच्या परवानग्यांचा. टॉर्चच्या ॲपला संपर्कयादी कशाला? गाण्याच्या ॲपला सतत ठावठिकाणा कशाला? नव्या अँड्रॉइड आणि आयफोनवर मायक्रोफोन किंवा कॅमेरा चालू असला की पडद्याच्या वरच्या बाजूला हिरवा वा नारिंगी ठिपका येतो. तो नको तेव्हा दिसला तर कोणते ॲप ते पाहावे.

सरकारी ॲपनाही हाच प्रश्न विचारायला हरकत नसते. 'संचार साथी'चा उपयोग खरा आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यावर कळते, हरवलेला फोन निकामी करता येतो. पण नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनात ते आधीच बसवून देण्याचा आदेश निघाला तेव्हा देशभर आक्षेप घेतले गेले, आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. उपयोगी वस्तू मागून घेणे आणि ती न विचारता खिशात ठेवली जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

घरातला कान

शेवटचा कान सर्वांत जवळचा, आणि त्याला ना सचिवांचा आदेश लागतो ना परदेशी सॉफ्टवेअर. त्याला आपला फोन दोन मिनिटे हातात मिळाला की पुरते. आपण दुकानात फोन दुरुस्तीला देताना पॅटर्न कागदावर काढून देतो. घरात तर तो सर्वांना पाठच असतो. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून सगळे संदेश दुसऱ्या यंत्रावर उघडता येतात, गूगल मॅपवर ठावठिकाणा कायमचा वाटून ठेवता येतो, गूगल खात्यात शिरता येते, किंवा पाळतीचे तयार ॲप बसवता येते.

त्या बाईच्या फोनात हेच निघाले. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये एक संगणक जोडलेला होता, आणि शेवटचा वापर त्याच दिवशी सकाळचा. तिच्याकडे संगणक नाही.

माझे बोट 'लॉग आउट'कडे गेले होते. मी ते थांबवले, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना तीच आहे. घरातला कान बंद केला की ऐकणाऱ्याला लगेच कळते. पाळत ठेवणारा माणूस रागीट असेल, हात उचलणारा असेल, तर तो क्षण धोक्याचा ठरू शकतो. आधी पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून सुरक्षित जागी ठेवावा, विश्वासातल्या एका माणसाला सांगावे, आणि गरज असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा ११२ शी बोलावे. तेही दुसऱ्याच्या फोनवरून. कधी तोडायचे हे त्या बाईने ठरवायचे, सल्ला देणाऱ्याने नव्हे.

"हा गुन्हा आहे का?" तिने विचारले. आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ 'पाठलाग' या गुन्ह्यात स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणेही धरते. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केल्यास पाचपर्यंत. नवऱ्यासाठी वेगळी सूट त्या कलमात लिहिलेली नाही. कायद्याची दुसरी बाजूही तिला सांगितली. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या वादात गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून दाखल करता येते, असा निकाल दिला. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर तिथला विश्वास आधीच संपलेला असतो, असा न्यायालयाचा विचार. पुरावा ग्राह्य धरणे म्हणजे पाळतीला परवाना देणे नव्हे. पण ज्याला पाळत ठेवायचीच आहे तो या निकालाचा तसा अर्थ लावेल, अशी धास्ती मला वाटते.

दिवाळीत आपण माळा झाडतो, डबे घासतो. त्यातली पंधरा मिनिटे फोनला द्यावीत. लिंक्ड डिव्हाइसेस पाहावीत. गूगल खात्यात कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत ते पाहावे. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी कुणाकुणाला आहे ते पाहावे. न वापरलेली ॲप काढावीत. पॅटर्न बदलून सहा आकडी पिन ठेवावा आणि व्हॉट्सॲपला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन लावावा. यातले काही कळले नाही तर घरातल्या मुलाला जरूर विचारावे, पण पिन टाकायचा तो आपल्या हाताने.

राहता राहिला तो नेहमीचा प्रश्न: 'माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?' नागपूरच्या वकिलाच्या फोनात अशिलांचे काय होते ते आपण पाहिले. तेच त्या बाईने तिच्या परीने सांगितले. फोटो काढून झाला होता, फोन पिशवीत गेला होता. ती उठता उठता म्हणाली, "मी काही लपवत नाही, सर. पण आई मला तिचं दुखणं सांगते. ते आईचं आहे ना? ते दुसऱ्यानं का ऐकायचं?"